स्तर पाच, अर्धवेळ

२ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी नऊ वाजता विद्यापीठाची नवी विद्यार्थी-नोंदणी सुरू झाली. नऊ वाजून चार मिनिटांनी पहिला विद्यार्थी आत आला आणि काही बिघडले नाही. कक्षप्रमुख माझ्या टेबलाशी येऊन "उत्तम" म्हणाले आणि हा महिनाभर रोजची नोंदवही ठेवायला सांगून गेले. ती मी कार्यालयाच्या संगणकावर ठेवते आहे. तिच्यात जे बसणार नाही ते इथे लिहीन.

रचना अशी आहे. आतापर्यंत प्रत्येक विभागाचे रजिस्टर वेगळे होते आणि एका विभागाची पदविका दुसऱ्याच्या प्रमाणपत्राएवढी असायची. आता सगळे अभ्यासक्रम स्तरांत बसवले आहेत. चार म्हणजे प्रमाणपत्र, पाच पदविका, सहा पदवी, सात पदव्युत्तर, आठ संशोधन. शिकण्याच्या पद्धती तीन: पूर्णवेळ, अर्धवेळ, दूरस्थ. पदवी पुरी करायला पूर्णवेळ विद्यार्थ्याला जास्तीत जास्त सहा वर्षे, अर्धवेळ असेल तर आठ, दूरस्थ असेल तर दहा. मुदत ओलांडली की नोंदणी 'कालबाह्य' होते, आणि तोवर जो स्तर पुरा झाला असेल त्याचे प्रमाणपत्र हातात देऊन विद्यार्थ्याला मोकळे केले जाते.

एका विद्यार्थ्याला एक ओळ. ओळीत स्तराचा एक रकाना, पद्धतीचा एक, पहिल्या नोंदणीच्या तारखेचा एक. पद्धतीला एकच रकाना पुरे, हे जूनच्या बैठकीत मी सुचवले. "मध्येच पद्धत बदलणारे किती असतील?" असे कक्षप्रमुखांनी विचारले होते. मी म्हटले, नगण्य. तसे इतिवृत्तात आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार

एकूण ओळी ४१,३०६. त्यांत कालबाह्य २१२. दुपारी यादी तपासायला उघडली. अकरावी ओळ माझ्या आत्याची आहे.

तीनदा पाहिली. जन्मतारीख तीच, पत्ता आमचाच.

आत्या पदवीसाठी साडेचार वर्षे दूरस्थ होती. मग त्या पद्धतीतले प्रयोगशाळेचे विषय बंद झाले म्हणून ती अर्धवेळमध्ये आली. तिथे चार वर्षे झाली. जुन्या रजिस्टरात दोन्ही काळ वेगळे मोजायचे. दहापैकी साडेचार म्हणजे ०.४५, आठपैकी चार म्हणजे ०.५०. बेरीज ०.९५, एकाच्या आत. ती मुदतीत होती, थोडक्यात, पण होती. माझ्या तक्त्यात शेवटची पद्धत तेवढी राहते आणि वर्षे पहिल्या दिवसापासून मोजली जातात. अर्धवेळ, साडेआठ वर्षे, मर्यादा आठ.

तिचे दोन विषय राहिले आहेत.

बाकीच्या ओळीही पाहिल्या. २१२ पैकी नऊ जणांनी मध्येच पद्धत बदलली आहे. त्यांतले आठ जुन्या हिशेबानेही मुदतीबाहेर जातात. चुकीने बाहेर पडलेली ओळ एकच आहे. मी 'नगण्य' म्हटले होते ते आकड्याच्या दृष्टीने बरोबर होते.

४ सप्टेंबर, बुधवार

आत्याला सांगितले नाही.

मी सातवीपासून तिच्याकडे राहते. बाबांची नोकरी फिरतीची होती आणि दर दोन वर्षांनी माझी शाळा बदलायची. आत्या म्हणाली, "पोर आहे की पार्सल? ठेवा माझ्याकडे." तेव्हापासून इथेच.

ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. अठ्ठावीस वर्षे. शिक्षण पदविकेपर्यंत. काचपट्टीवरच्या पेशी मोजून ती रोज चाळीसेक अहवालांवर सही करते. सहीखाली तारीख आणि वेळ घालते. घरी कुरिअरवाल्याच्या कागदावरही घालते. आता नियम आला आहे की एक ऑक्टोबरपासून अहवालावर पदवीधरच सही करेल. ज्याची पदवी अखेरच्या परीक्षेवर आली आहे त्याला वर्षाची सवलत आहे, पण परीक्षेला बसत असल्याचा विद्यापीठाचा दाखला तीस सप्टेंबरपूर्वी द्यायला हवा. दाखला परीक्षा-अर्ज भरल्यावर मिळतो. अर्ज वीस तारखेला संध्याकाळी पाचला बंद होतो. कालबाह्य विद्यार्थ्याला अर्ज उघडता येत नाही.

आज ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून संख्याशास्त्र वाचत होती. गॅसवर दूध होते. दूध उतू गेले. "बघ, प्रमाणित विचलन," ती म्हणाली आणि ओटा पुसायला लागली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

कक्षप्रमुखांना भेटले. कार्यालयात त्यांना मागून 'विहित नमुना' म्हणतात, कारण काहीही सांगितले तरी ते विहित नमुन्यात मागतात. मी अकरावी ओळ छापून नेली होती आणि मागच्या बाजूला ०.९५ चा हिशेब.

त्यांनी तो नीट वाचला. "हिशेब बरोबर आहे."

"मग दुरुस्त करायला हवं, सर. एका विद्यार्थिनीवर अन्याय होतोय."

"अन्याय म्हणू नका, अपवाद म्हणा. अपवाद विद्यापरिषदेकडे जातात. विद्यापरिषद डिसेंबरात बसते."

"परीक्षेचा अर्ज वीसला बंद होतो."

"मग तर प्रश्नच मिटला."

मी उभी राहिले. मग त्यांनी विचारले, विद्यार्थिनी तुमची कोण. पत्त्यावरून त्यांना आधीच कळले असावे. मी सांगितले.

त्यांनी पेनला टोपण लावले. "आता तुम्हीच बोला. तक्ता तुमचा, चूक तुमची, आत्या तुमची. आपलेच दात अन् आपलेच ओठ. मी यात हात घातला तर उद्या सगळे म्हणतील, डेटाबाईंनी घरच्यांसाठी खिडकी उघडली."

डेटाबाई म्हणजे मी.

परत येऊन टेबलाशी बसले. पहिल्या नोंदणीची तारीख मी सहा महिने पुढे सरकवली तर ओळ हिरवी होते. मला तो अधिकार आहे. वीस सेकंदांचे काम आहे. केले नाही. प्रामाणिकपणामुळे केले नाही की प्रत्येक बदलाची नोंद राहते म्हणून, हे मला ठरवता आले नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

आत्याने स्वतःच अर्ज भरायला घेतला. मी भाजी चिरत होते.

"अगं, इकडे ये. हे माझं कसलं अभिनंदन करतायत?"

पडद्यावर होते: 'अभिनंदन! आपण स्तर ५ पूर्ण केला आहे. आपली पदविका आपल्याला टपालाने पाठवण्यात येईल.' हे वाक्य मी जुलैमध्ये लिहिले होते. बाहेर पडणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून 'अभिनंदन' ठेवा, असे ठरले होते.

"तात्पुरती अडचण आहे. बघते."

"पदविका आहे की माझ्याकडे. अठ्ठावीस वर्षांची झाली. आता तिला धाकटी बहीण पाठवतायत वाटतं."

"बघते म्हटलं ना."

"तुमच्याच कचेरीतलं ना हे? मग सांग त्यांना, बाईला धाकटी नको, मोठी हवी. दोनच विषय राहिलेत म्हणावं."

तिने पान पुन्हा उघडले. पुन्हा अभिनंदन आले. चौथ्यांदा आल्यावर ती हसली आणि म्हणाली, "एवढं कौतुक माझ्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं." मग तिने विचारले, "म्हणजे आता काय करायचं?" मी सांगितले, मी बघते. संध्याकाळभरात हे मी पाच वेळा म्हटले. चूक कोणाची ते तिने विचारले नाही. मीही सांगितले नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

चौकशीच्या तिसऱ्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे 'तीन नंबर' म्हणतात. त्या निवृत्तीला आल्या आहेत आणि बोलायला लागल्या की रांग थांबते. आज चहाच्या वेळी माझ्याकडे आल्या.

"काय हो डेटाबाई, काल तुमचीच चौकशी चालली होती खिडकीवर."

"कोणाची?"

"एक बाई आल्या होत्या. कालबाह्यवाल्या. भांडल्या नाहीत, काही नाही. नुसतं विचारलं, हे असं कसं झालं. मी आपलं सांगितलं, नवीन तक्ता आलाय, आमच्या डेटाबाईंनी बसवलाय, फार हुशार पोरगी. तर म्हणाल्या, तक्त्यात चूक निघाली तर त्या पोरीचं काय होईल?"

"मग?"

"मग काय, खरं तेच सांगितलं. पोरगी प्रोबेशनवर आहे, लेखी चूक लागली तर घरचा रस्ता. गेल्या वर्षी त्या गुणपत्रिकेवाल्याचं झालंच की. तर बाई म्हणाल्या, राहू द्या मग. आणि अर्जाचा कागद न घेताच गेल्या. चांगली माणसं असतात हो अजून."

मी नाव विचारले नाही. अर्जदाराचे नाव खिडकीबाहेर न्यायचे नाही, हा नियमही माझाच आहे. पण तीन नंबरनी माझ्या नोकरीची चर्चा अनोळखी माणसाशी करू नये, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांना राग आला.

घरी आत्या लवकर झोपली होती. पुस्तके कपाटात ठेवलेली दिसली. विचारले तर म्हणाली, डोळे दुखतात.

१६ सप्टेंबर, सोमवार

वाट सापडली. नियमावलीच्या परिशिष्टात 'त्रुटी-दुरुस्ती अर्ज' आहे. हा विद्यापरिषदेकडे न जाता थेट कुलसचिवांकडे जातो आणि त्याच दिवशी निकाल लागतो. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ विद्यार्थ्याने भरून सही करायचा. भाग ब संबंधित कर्मचाऱ्याने: त्रुटी कोणती, कोणाकडून झाली. दोन्ही सह्या नसतील तर अर्ज आत घेत नाहीत.

कक्षप्रमुखांना दाखवला. त्यांनी कागदाच्या दोन्ही बाजू तपासल्या. "विहित नमुना आहे," असे म्हणाले. मग दार लोटून घेऊन म्हणाले, "भाग ब लिहिलात की मला तुमच्या फाइलवर शेरा मारावा लागेल. तुमचं प्रोबेशन सत्तावीसला संपतंय. दहा दिवसांचा प्रश्न आहे. कशाला पायावर कुऱ्हाड मारून घेता?"

मी म्हटले, चूक माझी आहे.

"कोण नाही म्हणतंय? पण ती लिहून द्यायची हौस कशाला?"

भाग ब आज भरला. चार ओळी. शेऱ्याचे मी आत्याला सांगणार नाही. तिला ते माहीत असण्याचे काही कारण नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

जेवण झाल्यावर अर्ज तिच्यासमोर ठेवला. भाग अ मीच भरला होता. तिला सही तेवढी करायची होती.

तिने भाग अ वाचला नाही. पान उलटून भाग ब वाचला. ती प्रयोगशाळेत एक अहवाल पंधरा सेकंदांत वाचते. या चार ओळींना तिला पाच मिनिटे लागली.

"हे तू लिहिलंस?"

"हो. तक्ता माझा आहे. पद्धतीचा एकच रकाना ठेवला, म्हणून झालं."

"बरं." मग म्हणाली, "अक्षर छान आलंय."

"आत्या, सही कर."

"चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे."

चष्मा तिच्या नाकावर होता. मी ते सांगितले. तिने तो काढला, पदराने पुसला आणि बाजूला ठेवला. "आज राहू दे. न वाचता मी सही करत नाही, तुला माहितीये. उद्या सकाळी उजेडात वाचते."

१८ सप्टेंबर, बुधवार

सकाळी ती माझ्या आधी निघून गेली. अर्ज टेबलावर तसाच. संध्याकाळी म्हणाली, शाई संपली. मी पेन दिले. म्हणाली, काळ्या शाईचे हवे, विद्यापीठाला काळी लागते. लागत नाही. मी काळे आणून दिले. मग शेजारच्यांकडे गेली आणि दोन तास आली नाही.

मला काही कळत नाही. साडेआठ वर्षांत तिने एक तारीख चुकवली नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

भांडण झाले. आमच्यात सहसा होत नाही, म्हणून शब्द लिहून ठेवते.

मी म्हटले, "उद्या पाच वाजता बंद होतंय. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"मला कंटाळा आलाय."

"कशाचा?"

"शिकायचा. एक्कावन्नाव्या वर्षी प्रमाणित विचलन कुणी काढायचं? माणसाला कंटाळा येऊ शकतो की नाही? का त्यालाही तुझ्या तक्त्यात रकाना नाही?"

"एक तारखेपासून तुझी सही चालणार नाही. तू ज्याला शिकवलंस त्याच्या हाताखाली बसावं लागेल."

"बसेन की. बसायलाच तर सांगतायत. पाय दुखतात तशीही."

"साडेआठ वर्षं वाया घालवलीस मग."

"वाया कुठे? शिकले ना मी. जे डोक्यात गेलं ते काय परत मागणार आहेत?" मग म्हणाली, "तू मात्र नोकरी नीट कर. उगाच चांगुलपणाच्या नादाला लागू नकोस. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड."

"याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. म्हण आठवली म्हणून म्हटली."

मी तिला आळशी म्हणाले. भित्री म्हणाले. परीक्षेत नापास होईन या भीतीने ती मागे हटते आहे असेही म्हणाले. तिने सगळे ऐकून घेतले. "असेल तसंही," म्हणाली आणि ताटे उचलली.

ती घाबरली आहे, हेच मला सर्वांत संभाव्य कारण वाटते. वयाच्या या टप्प्यावर असे होत असावे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी अर्ज बॅगेत घालून तिच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे सगळ्यांसमोर ती नाही म्हणणार नाही, असा अंदाज होता. ती सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. उजव्या हाताने मोजणीचे बटण दाबत होती. मी अर्ज काचपट्ट्यांच्या ट्रेशेजारी ठेवला.

तिने शंभरापर्यंत मोजणी पुरी केली. मग डोळा न उचलता म्हणाली, "इथे कागद ठेवू नये. रक्त लागतं."

तिने शिकवलेला तंत्रज्ञ शेजारीच होता. तो पदवीधर आहे. म्हणाला, "मावशी, करून टाका की सही, त्यात काय." ती त्याला म्हणाली, "तू तुझी पट्टी बघ. डावीकडची पेशी तुझी सुटलीये."

दुपारी तिसऱ्या खिडकीपाशी जाऊन बसले. का, ते सांगता येणार नाही. एका सहीचा अर्ज घेत नाहीत हे मला माहीत होते. पावणेपाचला तीन नंबरनी तो माझ्या हातातून घेतला. अजून माझ्यावर रुसलेल्या होत्या. आधी भाग ब वाचला, मग भाग अ वरचे नाव आणि पत्ता. पुन्हा भाग ब. त्यांचा चेहरा बदलला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "या तुमच्या कोण?"

"आत्या."

 काहीतरी बोलणार होत्या. मग त्यांनी अर्ज घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "घरी जा, बाळ."

मला आजवर त्यांनी बाळ म्हटले नव्हते. पाच वाजता पडद्यावरचा परीक्षा-अर्ज माझ्याच आज्ञेप्रमाणे आपोआप बंद झाला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पदविकांची छपाई. २१२ पैकी १८० जणांना स्तर पाच मिळाला. छपाईयंत्रावर मीच होते. अकराव्या ओळीची पदविका बाहेर आली तेव्हा नाव तपासले. शुद्धलेखन बरोबर आहे. 'पद्धत: अर्धवेळ' असे खाली छापले आहे. दूरस्थच्या साडेचार वर्षांचा उल्लेख कुठे नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सेवेत कायम केल्याचा आदेश मिळाला. कक्षप्रमुख म्हणाले, "फाइल स्वच्छ आहे तुमची." अभिनंदन म्हणाले. तीन नंबर मान खाली घालून पावत्या लावत होत्या.

घरी सांगितले. आत्याने हातातले काम टाकून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. इतका आनंद तिला का व्हावा, हे जरा अनाकलनीय होते. नोकरी तीच आहे, टेबल तेच आहे. मला स्वतःला काही वाटले नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

अर्धी रजा टाकून दुपारी प्रयोगशाळेत गेले. बाहेरच्या बाकावर बसले. काचेतून आत दिसते. आज अडतीस अहवाल होते. शेवटच्यावर तिने चार बावन्नला सही केली. मग पेनला टोपण लावून खिशात ठेवले आणि हात धुतले. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ हात धूत होती.

तंत्रज्ञ तिच्या मागे उभा होता. "मावशी, उद्यापासून बघून द्याल ना मला?"

"देईन की."

"कठीण वाटली पट्टी तर?"

"तर हाक मार. बघेन मी. सही तुझी."

चालत घरी आलो. वाटेत ती बाजारातल्या भावांबद्दल बोलली. तिने अर्जावर सही का केली नाही, हे आता मी विचारत नाही. कंटाळा हे कारण तिने दिले आहे. दुसरे माझ्याकडे नाही.

घरी आल्यावर मी माझे हमीपत्र काढले. कायम होताना ते द्यावे लागते. कर्मचारी कार्यालयातली गोपनीय माहिती बाहेर नेणार नाही, याची एका नातेवाइकाने हमी घेऊन सही करायची असते. उद्या शेवटची तारीख आहे. विचारायला मला संकोच वाटत होता. तिने कागद माझ्या हातातून ओढून घेतला, टेबलावर सपाट केला, माझ्या नावाखालच्या 'कायम' या शब्दावरून बोट फिरवले आणि बाकीचे न वाचता सही केली. सवयीने खाली तारीख आणि वेळ घातली. ३० सप्टेंबर, सहा वाजून दहा मिनिटे.

तिचा सहीचा अधिकार पाच वाजता, कामाची वेळ संपली तेव्हाच, संपला होता. मी नियम पुन्हा पाहिला. हमी घेणाऱ्याला कोणत्याही स्तराची अट नाही.